चौघांचा एक गळा

पंचेचाळीसहून अधिक वर्षे मी एका इंग्रजी बँडचा भक्त आहे, हे वाक्य दिवाळी अंकात लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. आपल्याकडे बँड म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो वरातीपुढचा. माझ्या एका मावशीने तर मला सरळच विचारले होते, "तुझा तो बँड मुंजीला येतो का रे? आमच्या बंड्याची यंदा करायची आहे." मी हसलो खरा, पण मागाहून वाटले, मावशीच्या मनात एक गोष्ट अगदी स्वच्छ होती. बँड म्हणजे पाचपन्नास माणसांनी मिळून करायचे काम, एकट्यादुकट्याचे नव्हे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. गेल्या काही वर्षांत माझ्या या आवडत्या बँडविषयी जे लिहिले, बोलले आणि पडद्यावर दाखवले गेले आहे ते पाहता, मावशीचे हे ज्ञान पुष्कळांपाशी नसावे असे मला वाटते. हा लेख लिहायला बसलो आहे तो त्याच कारणाने.

बँडचे नाव 'क्वीन'. १९७० साली तो लंडनमध्ये सुरू झाला. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटार वाजवणारा ब्रायन मे, ड्रम वाजवणारा रॉजर टेलर, आणि १९७१ मध्ये येऊन मिळालेला, बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन. यांतला फ्रेडी म्हणजे मूळचा फारोख बलसारा; १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला. एवढे सांगितले की मराठी घरात चेहरे एकदम उजळतात. "पाचगणीचा? म्हणजे आपलाच की!" आणि मग गाणे राहते बाजूला; फ्रेडीला महाबळेश्वरची थंडी आवडत असेल का, त्याला मराठी येत असेल का, यावर चहा संपेपर्यंत चर्चा चालते.

या आपलेपणाला माझी हरकत नाही. हरकत एवढीच की त्याने कानाला काही मिळत नाही. पाचगणीला फारोख पियानो शिकला, शाळेतल्या मुलांचा 'हेक्टिक्स' नावाचा छोटासा बँड त्याने काढला, आणि त्यात वाजत असे ते त्या काळचे विलायती संगीत. १९६४ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे त्याने नाव बदलले आणि आपल्या पूर्वायुष्याविषयी तो फारसे बोललाही नाही. त्याच्या गाण्यात राग शोधणारे लोक मला भेटले आहेत. ते ज्याला भैरवी म्हणतात तिथे मला भैरवी दिसलेली नाही. मीही एकदा त्या शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो होतो. टेबललँडवरून वारा येत होता, आत मुले फुटबॉल खेळत होती. मला काहीही ऐकू आले नाही. स्ट्रॉबेरी घेऊन परत आलो.

मला जे ऐकू आले ते पुण्यात, आमच्या दोन खोल्यांच्या घरात, १९७९ साली. माझा आतेभाऊ तेव्हा बोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून आणलेली एक कॅसेट माझ्या हाती दिली आणि "ही तू ठेव, मला झोप लागत नाही हिच्यामुळे," असे म्हणाला. ती होती 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५ सालची. तिच्यात शेवटाकडे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नावाचे एक गाणे आहे. आज ते सगळ्या जगाला माहीत आहे. मला तेव्हा त्यातले अक्षर कळले नाही; एवढेच कळले की संथ सुरू झालेले गाणे मध्येच थांबते, कुठून तरी माणसांचा एक जमाव येतो, भांडतो, विनवतो, एकमेकांच्या अंगावर सूर फेकतो, आणि मग सगळे मोडून पडल्यावर पुन्हा एकटा आवाज उरतो.

आमच्या घरी तंबोरा होता. माझे वडील, आप्पा, बँकेत कारकून. गाणे बेताचेच, पण कान पक्का. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला घोंगडी घेऊन जायचे आणि पहाटे कोणाशी न बोलता परतायचे, हा त्यांचा वर्षाचा सण. माझ्या कॅसेटचा आवाज भिंतीपलीकडे गेला तेव्हा आता बोलणी बसणार म्हणून मी टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवूनच बसलो होतो. आप्पा दारात येऊन उभे राहिले. गाणे संपले. म्हणाले, "परत लाव."

परत लावले. मधला जमाव येऊन गेल्यावर त्यांनी विचारले, "किती माणसं गातायत ही?"

"तीन," मी म्हणालो. आतेभावाने तसे सांगितले होते.

"तीन? चल! काकडआरतीला तीस माणसं असतात तरी असा आवाज होत नाही. कुणीतरी फसवलंय तुला." मग थोडे थांबून, "आणि तो गंधार ऐकलास का? तंबोऱ्यात येतो तसा आपोआप येतोय. कुणी एकटा लावत नाहीये तो."

नंतर ते जाता जाता "बाकी सगळा आरडाओरडा आहे, आवाज कमी ठेव," असे म्हणाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. आप्पा काही क्वीनचे भक्त झाले नाहीत. पण त्यांच्या त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर गाणे ऐकत आलो.

जाणकारांना सांगायला नको, पण सगळे वाचक तंबोऱ्यापाशी बसलेले नसतील म्हणून सांगतो. तंबोऱ्याच्या तारा पंचमाच्या आणि षड्जाच्या. गंधाराची तार त्यात नसते. तरी तंबोरा नीट जुळला की त्या तारांच्या गुंजनातून एक गंधार कानी येऊ लागतो. त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो कोणी छेडलेला नसतो. तारा एकमेकींशी खऱ्या झाल्या की तो उगवतो. आपले संगीत या गंधारापाशी थांबते, त्याला नमस्कार करते आणि पुढे एकाच गळ्याची वाट धरते. मैफलीत मागे शिष्य बसतो तो गुरूला दम घ्यायला जागा मिळावी म्हणून. गुरू षड्जावर असताना त्याने पंचम लावून उभे राहावे, ही आपली रीत नव्हे. त्यामुळे मराठी कान एका वेळी एकच स्वर ऐकायला शिकलेला असतो. पाश्चात्य संगीत नेमके याच्या उलट टोकाचे. तिथे षड्ज, गंधार, पंचम एकाच वेळी वेगवेगळ्या गळ्यांत उभे राहतात, आणि गाणे पुढे सरकते म्हणजे हा सबंध घोळकाच्या घोळका पुढे सरकतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कालवा वाटतो. मला वाटला नाही याचे श्रेय आप्पांच्या तंबोऱ्याला आहे, आणि क्वीनने आवाज रचण्याची जी पद्धत काढली तिला.

ती पद्धत सांगण्यासारखी आहे. गाणारे खरोखरच तीन होते: फ्रेडी, मे आणि टेलर. फ्रेडीचा आवाज उजळ आणि धारदार, टेलरचा वरच्या सप्तकात काच चरल्यासारखा जाणारा, मेचा मऊ, थोडा मागे राहणारा. एकाने खालचा स्वर, दुसऱ्याने मधला, तिसऱ्याने वरचा, अशी वाटणी करणे सोपे होते. पण ते तिघे मिळून आधी एकच ओळ एकाच स्वरात गात. ती टेपवर घेत. तीच पुन्हा गात. मग तिघे मिळून वरची ओळ, मग त्याच्या वरची. म्हणजे प्रत्येक स्वराच्या पोटात तिन्ही गळे आहेत. एकाच गळ्याच्या प्रती काढल्या असत्या तर रबरी शिक्का उमटवल्यासारखे झाले असते. इथे पितळ, तांबे आणि जस्त वितळून जे होते ते झाले आहे. ते काय आहे हे कानाला कळते, पण कोणता धातू कुठे आहे हे वेगळे काढता येत नाही.

'ऱ्हॅप्सडी'च्या त्या मधल्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. टेपवर जागा चोवीस पट्ट्यांची. त्या भरल्या की त्या सगळ्यांचे मिश्रण करून एकदोन पट्ट्यांवर उतरवायचे, बाकीच्या मोकळ्या करून पुन्हा गायचे. असे इतक्या वेळा झाले की टेपवरचा लेप झिजला आणि ती उजेडापुढे धरली तर आरपार दिसू लागली, असे मे सांगत आला आहे. एकशे ऐंशी आवाज एकावर एक चढवले गेले, असा हिशेब सांगतात. आप्पांचा तीसचा अंदाज फारच सौम्य होता म्हणायचा. गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे झाले. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांपलीकडचे गाणे लावायला कोणी धजत नसे. तरी ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

आता त्या चौथ्याविषयी. जॉन डीकन गात नसे. त्या सगळ्या आवाजांच्या डोंगरात त्याचा दगड नाही. मग मी 'चौघांचा गळा' असे का म्हणतो, असे कोणी विचारील. इथेच मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण क्वीनवर प्रेम करणे म्हणजे काय हे मला डीकनकडे पाहून कळले.

ब्रायन मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून दोनेक वर्षे खपून घरी बनवलेली आहे. तिची मान एका जुन्या घरातल्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची. दांडीवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. तारांना झोल देणाऱ्या दांड्यात विणकामाची सुई आहे आणि तिच्याखाली जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. ती तो सहा पेन्सच्या नाण्याने छेडतो. हे सगळे पुष्कळ ठिकाणी छापून आले आहे. हा मे पुढे २००७ साली खगोलशास्त्रातला डॉक्टर झाला, त्यामुळे लोकांना त्याचे कौतुकही फार. डीकनची गोष्ट मात्र कमी लोक सांगतात. तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीतून त्याने सर्किटचा एक टाकून दिलेला तुकडा उचलून आणला, एका लहानशा स्पीकरच्या पेटीत तो बसवला, आणि घरी सराव करायला एक किरकोळ ॲम्प्लिफायर केला. मेने सहज आपली गिटार त्याला जोडून पाहिली आणि तिच्यातून गिटारचा नव्हे, तर फुंकून वाजवायच्या वाद्यांसारखा आवाज निघाला. 'गुड कंपनी' या १९७५ च्या गाण्यात जुन्या जॅझच्या ताफ्यातली सनई, कर्णे, तुताऱ्या ऐकू येतात. ताफा नाहीच, एकाची घरगुती गिटार आणि दुसऱ्याची कचऱ्यातली पेटी. त्यांच्या सत्तरीतल्या रेकॉर्डींच्या वेष्टनांवर, यात सिंथेसायझर कोणी वाजवलेले नाही, अशा अर्थाची तळटीप असे. ऐकणाऱ्याला तो तोरा वाटावा. पण ती या दोघांची सही आहे असे मला वाटते.

या न गाणाऱ्या माणसाने गाणी रचली. आपल्या बायकोसाठी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' रचले आणि त्यातला इलेक्ट्रिक पियानो स्वतःच वाजवला, कारण फ्रेडीला ते वाद्य आवडत नसे. १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे त्याचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात जवळजवळ काहीच नाही: बेसचे चार पावलांचे एक चालणे, कोरडा ठेका आणि फ्रेडीचा गळा. डीकनने ते आपल्या गळ्याने गायलेच नसते. फ्रेडीला ते सुचलेच नसते. आपल्या भावगीतांत कवी, संगीतकार आणि गायक असे तिघे असतात हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, पण तिथे कवीची ओळ कोणती आणि चाल कोणाची हे आपण बोट ठेवून दाखवू शकतो. इथे ज्याने रचले तो गप्प उभा आहे आणि त्याची अबोल माणसाची गोष्ट फ्रेडीसारखा बोलघेवडा माणूस सांगतो आहे. त्या विसंगतीतूनच गाण्याला चव येते.

चौघेही रचनाकार होते आणि चौघांचीही गाणी जगभर वाजली. 'वी विल रॉक यू' (१९७७) मेचे. त्यात ड्रम नाहीच: पायाचे दोन ठोके, एक टाळी, आणि गिटार अगदी शेवटी. लंडनमधल्या एका चर्चच्या जुन्या वास्तूत केलेल्या स्टुडिओत मूठभर माणसांनी फळ्यांवर पाय आपटले. त्या आवाजाच्या प्रती मेने निरनिराळ्या अंतरांनी उशिरा सोडल्या. अंतरे अशी निवडली की एकमेकांत मिसळून त्यांचा प्रतिध्वनी होऊ नये, नुसती गर्दी व्हावी. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी टाळी वाजवायला बसला की असे होते. आज आपल्या क्रिकेटच्या मैदानांवरही हा ठेका वाजतो, आणि तो कोणी बसवला याची फिकीर न करता पोरे पाय आपटतात. लेझीम कोणी बसवली हे तरी आपण कुठे विचारतो?

तेव्हा, २०१८ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नावाचा चित्रपट आला आणि घरोघरी फ्रेडी पोचला, तेव्हा मी एकटाच खट्टू होऊन थिएटरबाहेर पडलो. फ्रेडीचे काम करणाऱ्या नटाला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. पण चित्रपटाने सांगितलेली गोष्ट अशी: एक अलौकिक पुरुष, त्याच्याभोवती तीन सज्जन वादक, तो स्वतःची स्वतंत्र रेकॉर्ड काढायला जातो म्हणजे घर सोडतो, फसतो, परत येतो, आणि १९८५ च्या 'लाइव्ह एड'मध्ये सगळे पुन्हा एक होतात. वस्तुतः स्वतंत्र रेकॉर्ड आधी काढली ती टेलरने, १९८१ मध्येच. आणि 'लाइव्ह एड'च्या आधी बँड फुटलेला नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत ते चौघे जपानात कार्यक्रम करीत होते. सिनेमाला उधळ्या पुत्राची कथा हवी होती, म्हणून एकाला पुत्र केले आणि बाकीच्यांना उंबरठा.

'लाइव्ह एड' मी स्वतः पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहिले. १३ जुलै १९८५, वेंब्लीचे मैदान, सुमारे बहात्तर हजार माणसे, आणि क्वीनला मिळालेली वीसएक मिनिटे. फ्रेडीने त्या जमावाला हातात घेतले हे खरेच. तो नुसता एक आलाप फेकतो आणि बहात्तर हजार माणसे तो झेलून परत करतात, हे पाहताना कीर्तनकाराने टाळकऱ्यांना उचलून धरावे तसे वाटते. पण ज्या गाण्यावर ते सगळे हात एकदम डोक्यावर जाऊन टाळी वाजवतात ते 'रेडिओ गा गा' टेलरने रचलेले आहे, हे त्या हातांतल्या किती जणांना ठाऊक असेल? न का असेना. मात्र समीक्षकाला ते ठाऊक असावे.

फ्रेडीची एकट्याची रेकॉर्ड, 'मिस्टर बॅड गाय', त्याच वर्षीची. मी ती प्रेमाने विकत घेतली, प्रेमाने ऐकली आणि प्रेमानेच कपाटात ठेवून दिली. गळा तोच, पण त्याला अडवणारे कोणी नाही. क्वीनमध्ये फ्रेडी गातो तेव्हा मेची गिटार त्याला दुसऱ्या बाजूने उत्तर देते, टेलर वरून टोचतो, डीकन पायाखालची जमीन सरळ ठेवतो. एकटा फ्रेडी म्हणजे तंबोऱ्यातली एकच तार. ती सुरेल आहे, पण गंधार उगवत नाही.

चौघे काही संतमंडळी नव्हते. 'ऱ्हॅप्सडी'च्या छोट्या रेकॉर्डीच्या मागल्या बाजूला टेलरचे मोटारीवरचे एक गाणे होते. लोकांनी विकत घेतले ते पुढच्या बाजूसाठी, पण रचनाकाराचे पैसे दोघांना सारखेच मिळाले. भाऊबंदकीला एवढे निमित्त पुरते. ती धुसफूस वर्षानुवर्षे चालली. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी ठरवले की गाणे कोणाचेही असो, नाव 'क्वीन' एवढेच छापायचे. त्या रेकॉर्डीच्या वेष्टनावर चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळून एकच चेहरा झालेला आहे. चित्र दिसायला भयंकर आहे. आमच्या हिने ते कपाटात उलटे ठेवायला लावले होते. पण मी जे इतकी पाने खर्चून सांगतो आहे ते त्यांनी एका चित्रात सांगून टाकले.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला हात जड होतो. १९८२ च्या 'हॉट स्पेस'विषयी नव्हे. नाचाच्या ठेक्यांच्या नादी लागून त्यांनी ती रेकॉर्ड केली आणि ती फसली. चांगल्या गवयाचाही एखादा दिवस घसा धरतो. मला म्हणायचे आहे ते सन सिटीविषयी. १९८४ च्या ऑक्टोबरात क्वीनने दक्षिण आफ्रिकेत, सन सिटी नावाच्या करमणुकीच्या नगरीत कार्यक्रम केले. वर्णभेदाचे राज्य होते, जगभरच्या कलावंतांनी तिथे जाऊ नये असे आवाहन होते, इंग्लंडातल्या त्यांच्या स्वतःच्या वादकसंघाची बंदी होती. तरी ते गेले. संघाने पुढे त्यांना दंड केला. आम्ही राजकारणी नाही, ऐकणारे असतील तिथे गातो, असा त्यांचा खुलासा होता.

मी त्याविषयी एका वाचनालयात, जुन्या मासिकात वाचले. मला आठवण झाली ती टेनिसची. १९७४ मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत आपली गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. कप हाताशी होता. भारताने सामना न खेळता तो सोडून दिला. मी तेव्हा शाळेत होतो. आप्पांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि "बरोबर केलं," एवढेच म्हणाले. ज्या घरात हे वाक्य उच्चारले गेले त्या घरात सन सिटीचा खुलासा टिकत नाही. ऐकणारे असतील तिथे गातो, हे ठीक. पण कोणाला ऐकायला बसू देत आहेत आणि कोणाला नाही, हे पाहायला फार मोठे राजकारण लागत नाही. आणि इथे माझाच सिद्धांत माझ्या अंगावर येतो. एकट्या फ्रेडीचा बँड असता तर मी एकट्या फ्रेडीला दोष देऊन मोकळा झालो असतो आणि बाकीच्यांची गाणी निर्धास्त ऐकली असती. पण गळा चौघांचा, तर पापही चौघांचे. दोन वर्षे मी त्यांची एकही कॅसेट लावली नाही. तिसऱ्या वर्षी लावली. का लावली याचे समर्थन माझ्यापाशी आजही नाही. ती गाणी मला ऐकू येत होती, कॅसेट न लावताही, एवढेच सांगता येईल.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. लंडनमध्ये पारशी पुरोहितांनी त्याचे अंत्यविधी केले. बातमी मी सकाळच्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर वाचली. मित्रांचे फोन आले. सगळे फ्रेडीविषयीच बोलले, त्यात वावगे काही नव्हते. आप्पा तेव्हा निवृत्त झालेले, खुर्चीत बसून असत. मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मग ते बाकीचे तिघे काय करतील रे आता?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणी मला विचारला नाही. त्याचे उत्तर पुढच्या काळाने दिले, पण ते मला पुरते पटलेले नाही. डीकनने १९९७ मध्ये उरलेल्या दोघांबरोबर एक शेवटचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि तो बाजूला झाला. गायचा तर नव्हताच, आता वाजवायचाही थांबला. मे आणि टेलर दुसऱ्या गायकांना घेऊन क्वीनच्या नावाने गात राहिले. आधी पॉल रॉजर्स, मग ॲडम लॅम्बर्ट. लॅम्बर्टचा गळा तयारीचा आहे. आणि फ्रेडी म्हणजे क्वीन नव्हे असे मीच इतका वेळ ओरडून सांगत असल्यामुळे, तर्काने पाहता मला हा नवा संसार मान्य असायला हवा. तो मान्य होत नाही. लॅम्बर्ट उणा पडतो म्हणून नव्हे. चौघांतले दोघे नसताना उरलेल्या तारा जुळतात, वाजतात, लोक नाचतातही. मी मात्र कान लावून बसतो तो एका गंधारासाठी, आणि तो येत नाही. यात माझे म्हातारपण किती आणि समीक्षा किती हे वाचकांनीच ठरवावे.

१९९५ मध्ये 'मेड इन हेवन' निघाली. फ्रेडीने शेवटच्या महिन्यांत स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी जे काही गाऊन ठेवले होते त्यातले पुष्कळसे घेऊन उरलेल्या तिघांनी ती पुरी केली. आप्पा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. तंबोरा गवसणीत होता. तिच्यात 'मदर लव्ह' नावाचे गाणे आहे. फ्रेडी आणि मे यांनी मिळून रचलेले, फ्रेडीने ध्वनिमुद्रित केलेले शेवटचे. १९९१ च्या मे महिन्यात तो ते उभ्या उभ्या, एकेक कडवे करीत गायला. शेवटचे कडवे उरले तेव्हा तो थकला होता. जरा विश्रांती घेतो, मग येऊन पुरे करतो, असे म्हणून गेला. परत आला नाही. ते कडवे ब्रायन मे गायला आहे.

मला हे आधी ठाऊक नव्हते. रात्री सगळे निजल्यावर आवाज अगदी कमी ठेवून मी गाणे लावले होते. फ्रेडीचा आवाज वर चढत जातो, एका जागी फार वर जातो, आणि मग शेवटचे कडवे सुरू होते ते मऊ, थोड्या मागे राहणाऱ्या आवाजात. मी कॅसेट थांबवली, थोडी मागे नेली आणि पुन्हा ऐकली.